अंगण सारवले, माजघर राहिले

पाहुणे यायचे ठरले की आपण काय करतो? अंगण सारवतो, ओटीवर नवी सतरंजी घालतो, दाराला तोरण बांधतो. माजघराची भिंत ओलीने फुगली असली, तर तिच्यावर कॅलेंडर टांगतो! आमच्या नाशिकचे दर बारा वर्षांनी असेच होते. २००३ चा सिंहस्थ झाला, २०१५ चा झाला. रस्ते झाले, घाट झाले. यजमानाचे घर तेवढे राहून गेले.

२०१६ साली नाशिकचे नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आले आणि त्यात जुन्या गावठाणाचाही समावेश झाला, तेव्हा मला मनापासून आनंद वाटला. त्र्यंबक नाक्यापासून अशोक स्तंभापर्यंतचा रस्ता नवा झाला, गोदाकाठाची कामे निघाली, आणि ३१ मार्च २०२५ ला ती केंद्राची योजना संपलीसुद्धा. पण तुम्ही तिवंध्याच्या नाहीतर भद्रकालीच्या बोळातून एकदा चालत जा. सागवानी खांबांचे जुने वाडे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभे आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी धोकादायक घरांच्या नोटिसा येतात आणि पावसाळ्यात कुठली तरी भिंत खाली येते.

दोष एकट्या पावसाचा नव्हे. १९४७ च्या कायद्याने भाडी बांधली गेली. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात भाडेच वीस रुपये असेल, तर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे! त्यात एक कौलसुद्धा यायचे नाही. मग मालक म्हणतो, "मी का खर्च करू?" भाडेकरू म्हणतो, "घर कोणाचे?" त्यातून मिळकतीच्या उताऱ्यावर सात चुलतभावांची नावे, एक पुण्याला, एक अमेरिकेत.

टेकू दिलेल्या माडीवर राहणाऱ्या एका मावशींना मी विचारले, "मावशी, जिवाला धोका आहे, मग इथे कशाला राहता?"

"अहो भाऊ," त्या म्हणाल्या, "भिंत पडली तर एकदाच मरेन. बाहेर पडले आणि हक्क गेला, तर उद्या राहू कुठे?"

यावर मला उत्तर सुचले नाही.

एकट्यादुकट्या मालकाने बांधायचे म्हटले तरी अडचण आहेच. जागा चिंचोळी, बोळ अरुंद. रस्त्यासाठी नि हवेसाठी जागा सोडली की हाती उरते काय? म्हणून चार-पाच वाड्यांनी मिळूनच बांधायला हवे.

इतरांनी वाटा काढल्या आहेत. घरे कोसळू लागली तेव्हा मुंबईत १९६९ साली कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती मंडळाकडे दिली. नाशिकच्या वाड्यांना असे मंडळ नाही. अहमदाबादला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हटले. तिथे वारसा-घराचा मालक आपला उरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकून त्या पैशांत घर नीट करू शकतो.

माझे म्हणणे साधे आहे. जे वाडे जगण्यासारखे आहेत ते दुरुस्त करावेत, बाकीचे एकत्र करून बांधावेत. मात्र पहिली वीट काढण्याआधी कोणत्या बिऱ्हाडाला आणि खालच्या कोणत्या दुकानाला किती जागा मिळणार, हे कागदावर यावे. नाहीतर उंच इमारत उभी राहील, आणि आळीतली माणसे पांगतील.

दिवाळीला उताऱ्यावरची मंडळी घरी जमतात. फराळ आटोपल्यावर तासभर भाडेकरूंनाही बोलावून एकाच सतरंजीवर बसावे. सरकारी योजना पुढेही येतील. पण घरच्यांचाच मेळ नसला, तर त्या पुन्हा रस्त्यावरूनच परत जातील.