आधी मोजे काढा!
या आठवड्यात कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाचे डायव्हिंगचे नियम वाचत बसलो. जायचा बेत नाही, पण वाचायला पैसे पडत नाहीत. १९७९ साली स्थापन झालेल्या तिथल्या सागरी उद्यानात प्रवाळावर नांगर टाकायला मनाई, आणि पाण्यात हातमोजे घालायलाही! मला ही मोजेबंदी फार आवडली. मोजे असले की माणूस दिसेल ते बिनधास्त धरतो. उघडा हात फायर कोरलला शिवल्यावर होणाऱ्या आगीला भितो. प्रवाळ म्हणजे जिवंत जिवांची वसाहत, बेफिकीर हाताने तिची वर्षानुवर्षांची वाढ मोडते. आपण पर्यटक तर ‘हात लावू नये’ ही पाटीसुद्धा हात लावून वाचणारे. म्हणून सांगतो, प्रबोधन नंतर करा; आधी मोजे काढून घ्या, शहाणपण आपोआप येतं.