मध : रंग पाहा, वयही पाहा



गेल्या महिन्यात आमच्या कौंडण्यपुरात शेजारच्या खालांना नात झाली. मी मुबारकबाद द्यायला गेले, तेव्हा खाला वाटीत मध घेऊन बसल्या होत्या. "वर्धेकाठच्या आग्या मोहोळाचा आहे, डोळ्यांसमोर पिळून घेतला. बाळाला बोटभर चाटवते." मी त्यांचा हात धरला. खालांना राग आला. "कुरआनात मधाला शिफा म्हटलंय, आणि तू शिकलेली बाई मला अडवतेस?"

त्यांना जे सांगितले, तेच आज इथे लिहिते.

कुरआनच्या सोळाव्या सूरहचे नावच 'अन्-नह्ल', म्हणजे मधमाशी. तिथे मधात लोकांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे, आणि मध निरनिराळ्या रंगांचा असतो हेही. रंगाची ही गोष्ट आपण वाचतो आणि पुढे जातो. खरे तर विचार तिथूनच सुरू व्हावा.

आधी मधात काय असते ते पाहू. १०० ग्रॅम मधात साधारण ८० ग्रॅम साखर असते. त्यात फळसाखर म्हणजे फ्रुक्टोज ३८ ग्रॅमच्या आसपास आणि ग्लुकोज ३१ च्या. पाणी १७-१८ ग्रॅम. ऊर्जा सुमारे ३०० कॅलरी. जीवनसत्त्वे आणि खनिजे नावापुरतीच. 'क' जीवनसत्त्व अर्धा मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते. तेव्हा जीवनसत्त्वांसाठी मध खाऊ नये, पेरू खावा.

मधाची खरी खासियत आहे फुलांतून येणाऱ्या फ्लेव्होनॉइड आणि फिनॉलिक आम्लांत. हीच अँटिऑक्सिडंट द्रव्ये. लोखंडाला हवेने गंज चढतो, तशी शरीरातल्या पेशींची झीज होत असते. ही द्रव्ये ती रोखायला मदत करतात. त्यांचे प्रमाण फुलागणिक बदलते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अँटिऑक्सिडंट असलेल्या मधांत वीस पटींचा फरक आढळला. सर्वांत वर होता कुट्टूच्या फुलांचा काळसर मध. साधारणपणे मध जितका गडद, तितकी ही द्रव्ये जास्त. आपल्याकडे जांभळाचा मध गडद असतो, तर संत्र्याच्या बहराचा फिकट आणि सुवासिक. मात्र जुना किंवा तापवलेला मधही काळा पडतो, म्हणून नुसत्या रंगावर भुलू नका.

मध कुठून घेता हेही महत्त्वाचे. पोळे पिळले की मधात अळ्या आणि परागही उतरतात, आणि माश्यांचे घर उद्ध्वस्त होते. पेटीतल्या सातेरी माश्यांचा मध यंत्राने काढतात. पोळे शाबूत राहते. सातारा जिल्ह्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' झाले. आपल्या जिल्ह्यात चिखलदरा तालुक्यातील आमझरीही त्याच वाटेवर आहे. मध थंडीत गोठला तर तो साखरेचा समजून फेकू नका. ग्लुकोजचे खडे होणे हा मधाचा स्वभाव आहे. पाण्यात थेंब सोडणे, काडी पेटवणे या घरगुती परीक्षांवर भरवसा ठेवू नका. भेसळ प्रयोगशाळेतच कळते.

आता खालांच्या प्रश्नाचे उत्तर. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. अगदी शुद्ध मधातही बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत. तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठता होते, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान आणि हातपाय लुळे पडतात, श्वासही अडू शकतो. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. अशी लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठावा.

"आम्ही सगळ्या पोरांना चाटवला, काय झालं?" खालांनी विचारले. आजार विरळ आहे, हे खरे. पण बाळाला लागणारे सारे काही आईच्या दुधात असताना तो धोका घ्यायचाच कशाला? तहनीकची सुन्नत तर खजुराची आहे, आणि तीही डॉक्टरांना विचारून करावी.

वर्षावरच्या मुलाला खोकला असेल तर रात्री चमचाभर मध आराम देतो. मधुमेह असलेल्यांनी मात्र मध म्हणजे साखरच समजावी. एका मोठ्या चमच्यात सुमारे १७ ग्रॅम साखर असते.

शिफा खरीच आहे. पण कुठलेही औषध कोणाला, कधी आणि किती द्यायचे हे पाहूनच देतात.

खालांनी थोडा वेळ विचार केला आणि मध बरणीत परत ओतला. झाकण लावत म्हणाल्या, "ठीक आहे, पोरगी वर्षाची झाली की बोलावीन तुला." नात निजली होती. बरणी फळीवर गेली.