पहिल्या सीझनचा आकडा कोणाचा?

पुण्यात कुणाला ‘मी तळेगावचा’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘दाभाडे ना?’ नाही. तळेगाव श्यामजी पंत. वर्धा जिल्हा, आष्टी तालुका, नागपूर-अमरावती हायवेवरचं. आमच्याकडे संत्री आहेत, ट्रक आहेत आणि कबड्डीवर तासन्‌तास बोलणारी पोट्टी आहेत.

२०२४च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा प्रो कबड्डीचा अकरावा सीझन सुरू होता. चुलतभावानं चहाच्या टपरीवर मोबाइल पुढे केला. ‘दादा, तू कॉम्प्युटरवाला हायेस ना? मंग सांग ना, हा नवा लेफ्ट कॉर्नर यंदा किती पॉइंट घेईन?’

मला खरं म्हणजे ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. पण मी इंजिनिअर, आणि त्यातून जुन्या सीझनचे आकडे गोळा करून घरीच एक मॉडेल बनवलेलं. वय, वजन, जागा, किंमत, टीम असं सगळं आत टाकलं की बाहेर एक आकडा यायचा. मी तो ऐटीत सांगितला. भावानं त्यावर फँटसी टीम लावली. तो खेळाडू दोन मॅचनंतर बाकावर गेला आणि भावाचे पैसे बुडाले. रक्कम फार नव्हती. पण तो मला काही बोलला नाही, उलट ‘तुहं मॉडेल बरोबरच असन, आपलंच नशीब’ म्हणाला. ते मला जास्त लागलं.

ऑगस्ट २०२५मध्ये, बाराव्या सीझनच्या तोंडावर, संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. पैशांची फँटसी बंद झाली. भाकितांची सवय मात्र गेली नाही. ‘या सीझनचे टॉप पाच डेब्यू डिफेंडर’, ‘हा आहे पुढचा शादलू’ अशा रील अजूनही येतात आणि आपण पाहतो. माझं म्हणणं सरळ आहे. नवख्या कॉर्नरच्या पहिल्या सीझनचे टॅकल पॉइंट आधी सांगतो म्हणणारा माणूस एकतर आपल्याला फसवतोय, नाहीतर स्वतःला. मी स्वतःला फसवत होतो.

आधी त्यांची बाजू मांडतो, आणि ती कमजोर नाही. आठव्या सीझनमध्ये इराणचा मोहम्मदरेझा शादलू पटना पायरेट्सकडून पहिल्यांदा प्रो कबड्डी खेळला. लेफ्ट कॉर्नर. किंमत ३१ लाख. त्यानं ८९ टॅकल पॉइंट घेतले आणि सीझनचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. पुढच्या, नवव्या सीझनमध्ये जयपूरचा अंकुश राठी पहिल्यांदा उतरला. तोही लेफ्ट कॉर्नर, त्याचेही ८९ आणि तोही यादीत पहिला. सलग दोन वर्षं! मग काय, ‘नवा लेफ्ट कॉर्नर म्हणजे सोनं’ असा नियमच झाला. माझ्या मॉडेलनंही तो नियम शोधून काढला आणि मला वाटलं, वा, मशीन शिकली.

मशीन काही शिकली नव्हती. तिनं दोन गाजलेली नावं पाठ केली होती. त्याच दोन सीझनमध्ये किती नवे कॉर्नर आले, किती जण तीन मॅच खेळून परत बाकावर बसले, त्यांच्यावर कुणी रील केली नाही. दहाव्या सीझनमध्ये पहिला आला तो पुन्हा शादलूच, ९९ पॉइंट घेऊन. पण तेव्हा तो नवा राहिला नव्हता. पुणेरी पलटणनं त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते.

आता मुद्द्यावर येतो. टॅकल पॉइंट हा आकडा कॉर्नरच्या नावापुढे लिहिलेला असतो, पण त्याच्या एकट्याचा नसतो. तो कसा तयार होतो ते नीट बघा.

एक, कॉर्नरला मॅटवर असावं लागतं. चुकीची पकड केली की तो बाहेर. परत कधी येणार? त्याच्या टीमनं पॉइंट घेतला की, आणि तेही बाद झालेल्यांच्या क्रमानं. म्हणजे आपले रेडर थंड असतील तर कॉर्नर बाकावर बसून मॅच बघतो. त्याचा आकडा तिथेच अडतो आणि दोष त्याच्या माथी लागतो.

दोन, पॉइंट पकड सुरू करणाऱ्याच्या नावावर पडतो. त्यानं घोटा धरला आणि शेजारच्या कव्हरनं धावत येऊन रेडरला मध्यरेषेपासून ढकललं नाही, तर तो रेडर कॉर्नरला ओढत घेऊन जातो. चांगला कव्हर शेजारी असेल तर तीच पकड यशस्वी, नसेल तर तीच पकड ‘नवख्याची घाई’. कव्हरच्या धक्क्याचा हिशोब त्या आकड्यात नाही.

तीन, सुपर टॅकल. मॅटवर तीन किंवा कमी डिफेंडर असताना पकड झाली तर दोन पॉइंट. म्हणजे ज्याची टीम सारखी लोणच्या तोंडाशी असते, त्या कॉर्नरला एकाच पकडीचे दुप्पट पॉइंट मिळायची संधी जास्त. टीम हरतेय, त्याचा आकडा फुगतोय. मॉडेल म्हणतं, व्वा.

चार, आणि हे सगळ्यात मोठं. रेडर कुणाकडे जायचं ते रेडर ठरवतो. कॉर्नर इतका पक्का असेल की रेडर त्याच्या बाजूला फिरकतच नसेल, तर त्याच्या नावावर काय लागणार? शून्य. तीस सेकंदांच्या आत रेडर परत गेला, रेड रिकामी गेली. सलग दोन रिकाम्या रेडनंतर तिसरी ‘करो या मरो’, तिथे रेडरला पॉइंट घ्यावाच लागतो आणि तो दुसऱ्या कॉर्नरच्या हातात सापडतो. पॉइंट दुसऱ्याचा. ती वेळ आणली कुणी, ते कुठे लिहिलं जात नाही.

रेडरचं तसं नसतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई आठवा. सहाव्या सीझनमध्ये यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला आणि २१ मॅचमध्ये २१८ रेड पॉइंट घेतले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. टीम बदलली, सोबती बदलले, तरी त्यानं २१७ घेतले. एका उदाहरणावरून नियम करायचा नाही, ते मी वरच कबूल केलंय. पण कारण समजण्यासारखं आहे. रेडर स्वतःच्या पायांनी संधीकडे चालत जातो, कॉर्नरला तिची वाट बघावी लागते.

हे फक्त कबड्डीचं दुखणं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘डिफेन्सिव्ह एंड’ म्हणून एक जागा असते. संरक्षणाच्या रांगेतला टोकाचा माणूस, आपला कॉर्नरच म्हणा. समोरच्या क्वार्टरबॅकला त्यानं बॉल फेकायच्या आत पाडलं की ‘सॅक’ मिळतो. तिकडे माणसाचं वजन, धाव, उडी, हाताची लांबी सगळं मोजतात आणि मग ड्राफ्टमध्ये नंबर लावून निवडतात. २०१९मध्ये रेडर्स नावाच्या टीमनं (नावही बघा!) घेतलेल्या डिफेन्सिव्ह एंडपैकी दोघांचं उदाहरण घ्या. क्लेलिन फेरेल चौथ्या नंबरवर, मॅक्स क्रॉस्बी १०६व्या. पहिल्या सीझनमध्ये फेरेलचे साडेचार सॅक, क्रॉस्बीचे दहा. टीम तीच, वर्ष तेच, आणि मोजमापांवर एवढा खर्च करूनही अंदाज उलटा. मग आमच्या टपरीवर, ज्या खेळात रेडर कुठल्या बाजूला गेला हेही आकड्यात दिसत नाही, तिथे मी कुठल्या तोंडानं भाकीत सांगत होतो?

यात नशिबाचा भागही धरा. एका कॉर्नरच्या पकडी निम्म्या वेळा यशस्वी होतात आणि तो मॅचमध्ये सहा प्रयत्न करतो असं समजू. त्याला एखाद्या मॅचमध्ये एकच किंवा एकही पकड न मिळण्याची शक्यता ६४पैकी ७, साधारण अकरा टक्के. पहिल्या दोनपैकी निदान एका मॅचमध्ये असं होण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या वर. म्हणजे एकाच ताकदीचे पाच नवखे आणले, तर साधारण एकाचा पाय सुरुवातीलाच घसरणार, त्याची काही चूक नसताना. अनुभवी खेळाडूला अशी रात्र माफ असते. नवख्याच्या जागी तिसऱ्या मॅचला दुसरा उतरतो, आणि सीझनच्या शेवटी आपण म्हणतो, ‘बघा, मी सांगितलंच होतं, याच्यात दम नव्हता.’

‘हिरा कुठेही चमकतोच’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे की, बाकावर उजेड नसतो.

आता गावातली गोष्ट सांगतो, कारण हे सगळं मला तिथे कळलं. आमच्या भागात एक पोरगा आहे, लेफ्ट कॉर्नर. नाव लिहीत नाही. रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा, मातीचं मैदान, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेले प्रेक्षक. त्याला एका ठिकाणी निवड चाचणीसाठी अर्ज करायचा होता. अर्जात रकाना होता, मागच्या स्पर्धांमधले टॅकल पॉइंट. आमच्याकडे ते कोण लिहितं? स्कोअर तेवढा पाटीवर असतो. मी म्हटलं, व्हिडिओ दे, मी मोजून देतो. तीन मॅच बघितल्या. चार पकडी. मी त्याला सरळ सांगितलं, ‘आकडा कमी आहे रे. चाचणीत टिकणार नाही.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘माह्याकडे कोणी येतच नाही दादा. मी काय करू?’

घरी जाऊन तेच व्हिडिओ परत लावले. या वेळी पकडी मोजल्या नाहीत, रेडरचे पाय बघितले. गडी आत यायचा, बोनसकडे झुकायचा, डाव्या कोपऱ्याकडे एक नजर टाकायचा आणि उजवीकडे वळायचा. पुन्हा पुन्हा. दुसऱ्या हाफमध्ये तर समोरच्या टीमचा कोच बाहेरून ओरडत होता, ‘तिकडे नको जाऊ!’ अख्ख्या मैदानाला जे माहीत होतं ते माझ्या रकान्यात शून्य म्हणून आलं होतं. अर्जाची तारीख तोवर निघून गेली होती.

आमच्याच हायवेनं पश्चिमेला गेलं की अमरावती लागते. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. खेळ जगाला दाखवणारी माणसं या मातीतून गेली. आणि आज इथला पोरगा चांगला आहे की नाही, हे मी लॅपटॉपवर चार पकडी मोजून ठरवत होतो.

‘मग काय, टीमनी डोळे मिटून खेळाडू घ्यायचे?’ असं कुणी विचारेल. नाही. अंदाज करावाच लागतो, कोच रोज करतो. पण तो काय विचारतो ते बघा. हा किती मिनिटं मॅटवर राहील? शेजारी कव्हर कोण? रेडर कोण, ते याला किती लवकर परत आणतील? चुकीच्या वेळी उडी मारतो का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली तर अंदाज बांधता येतो, आणि तोही ‘अमुक ते तमुक’ असाच. मोठा पल्ला सांगणं म्हणजे हात झटकणं नव्हे, तेवढंच आपल्याला माहीत असतं. एकच नेमका आकडा सांगणारा जास्त हुशार वाटतो, पण त्यानं फक्त आपली अनिश्चितता लपवलेली असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले या कामात फार पटाईत आहोत. स्क्रीनवर दशांशासकट आकडा दिसला की लोक प्रश्न विचारायचे थांबतात, हे आम्हाला ठाऊक असतं.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पुढच्या सीझनला ‘टॉप पाच नवे डिफेंडर’ सांगणारा दिसला, तर खाली एवढंच विचारा, ‘मागच्या वर्षीची यादी दाखव.’ बरोबर आलेलं एक नाव नको, पूर्ण यादी. मी माझी काढून पाहिली. भावाला दाखवली, तो पोट धरून हसला.

दुसरी गोष्ट गावच्या मंडळांना. पाटीशेजारी एका पोराला वही घेऊन बसवा. प्रत्येक रेडला तीनच गोष्टी लिहायच्या. रेडर कुठल्या बाजूला गेला, काय झालं, आणि मॅटवर किती जण होते. त्याला ॲप लागत नाही, मॉडेल लागत नाही.

आमच्याकडे या हिवाळ्यात मी स्वतः बसणार आहे. दोनशे पानी वही घेतली आहे. त्या पोराला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मंग आता कोणी नाही आलं तरी लिहशीन ना?’

लिहीन.