नरोऱ्याचा धडा

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग भडकली आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. पर्यायी पुरवठा कागदोपत्री होता. परंतु मुख्य व पर्यायी केबली शेजारीशेजारी नेल्या होत्या, त्या एकदमच जळाल्या! रातपाळीचे कर्मचारी विजेऱ्या घेऊन अणुभट्टीच्या माथ्यावर चढले, त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण सोडले. भट्टी थंड ठेवण्यास आग विझविण्याचे डिझेल पंप वापरावे लागले. कारण बंद भट्टीतही उष्णता निर्माण होतच राहते.

जपानच्या नियामकांनी तर दीर्घकाळ वीज जाण्याचा विचारच अनावश्यक ठरविला होता. २०११ साली फुकुशिमात तळघरातील जनित्रे त्सुनामीच्या पाण्यात बुडाली.

तेव्हा सुरक्षेचा आढावा म्हणजे जनित्रांची शिरगणती नव्हे. केबली, इंधन व जागा खरोखर वेगळ्या आहेत काय, हे तपासावे लागेल. तपासणारा स्वतंत्र नसेल, तर तेही व्यर्थ. नियामक मंडळाच्या पराधीनतेवर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच बोट ठेवले होते. असे अहवाल केंद्रातील कामगारांच्या व भोवतालच्या गावांच्या हाती, त्यांच्या भाषेत, पडलेच पाहिजेत.