पाटल्या आणि पाटी

गेल्या दिवाळीत आम्ही नाशिकला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सोळा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर! त्यामुळे दारावरची पाटी मीच करणार, असं मी हॉस्टेलवरूनच जाहीर केलं होतं. ऑटोकॅडमध्ये डिझाइन, लेझर कटिंग, पितळी फिनिश. वर बाबांचं पूर्ण नाव, खाली 'आणि परिवार'. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं. आपली कॉलर टाइट.

चार दिवसांनी बाबांनी घराचे कागद स्कॅन करायला दिले. खरेदीखत, स्टॅम्प ड्युटीचं चलन, इंडेक्स टू. इंडेक्स टू म्हणजे कोणी विकलं, कोणी घेतलं, केवढ्याला घेतलं, हे सांगणारा नोंदणीचा उतारा. घेणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव होतं. आईचं.

"मग? एक टक्का वाचतो ना," बाबा म्हणाले.

तर मंडळी, भानगड अशी आहे. आपल्या राज्यात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत गेली. सुरुवातीला अशीही अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती 2023 मध्ये काढली. आमचं घर 42 लाखांचं, म्हणजे 42 हजार वाचले. त्यात किचनच्या ट्रॉल्या झाल्या.

आईला विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तिथे सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. मला काय कळतं त्यातलं?" म्हणजे घराच्या मालकिणीलाच आपण मालकीण आहोत हे नीटसं माहीत नाही!

माझा रूम पार्टनर म्हणतो, नाव कागदावर आहे ना, मग पाटीचं काय घेऊन बसलास. कायद्याने त्याचं बरोबर आहे. पण सोसायटीच्या मीटिंगला गेलं कोण? बाबा. सभासद आई, शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर, नोटीस मात्र 'श्री.' लिहून येते, आणि पार्किंगवर मत बाबा देऊन येतात. बाबा वाईट नाहीत हो. कोणाच्या डोक्यातच येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

कोणी म्हणेल, हप्ते तर बाबा भरतात. भरतात, आणि ते सोपं नाही. 30 लाख कर्ज, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता जवळपास 27 हजार, पैकी पहिल्या महिन्यात 22,500 नुसतं व्याज! पण बँकेने न दिलेले बारा लाख? त्यात आईच्या पाटल्या आहेत. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं तेव्हापासून शिवणकाम करून तिने साठवलेले पैसेही आहेत. त्यांचा हप्ता नाही, म्हणून हिशोबही नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1990च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली होती. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यायचा, कारण शेतात तीही राबते. सरकारी सवलतीलाही माझा अजिबात विरोध नाही, चांगलीच आहे. पण आमच्याकडे आईचं नाव डिस्काउंट कूपनसारखं वापरलं गेलं. वापरलं, पैसे वाचले, कागद कपाटात.

मी नवीन पाटी केली आहे. दोघांची नावं, आईचं आधी. बाबांना फोटो पाठवला, ते म्हणाले, "लाव की." आईच म्हणते, लोक काय म्हणतील, जरा थांब. सध्या ती पाटी माझ्या हॉस्टेलच्या कपाटात, जर्नल्सच्या खाली आहे.