बुरशीचा रकाना कोराच आहे, साहेब!

परवा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत बसलो होतो. गेलो होतो घरकुलाच्या बातमीसाठी. ग्रामसेवक "आलोच" म्हणाले आणि दीड तास आले नाहीत. मग कपाटावरची धुळीनं माखलेली एक जाड फाईल खाली ओढली आणि चाळत बसलो. वर लिहिलेलं, 'लोक जैवविविधता नोंदवही'.

आत झाडांची यादी. बाभूळ, लिंब, बोर, चिंच. ठीक. मध्येच 'हिरडा'. आपल्या काळ्या रानात हिरडा? बाहेर पारावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. त्यांनी हिरडा पाहिला तो दुकानातल्या बरणीत. म्हणजे कुठल्यातरी घाटावरच्या गावाची यादी उचलून इथं चिकटवली. झालं काम.

मग मी बुरशी शोधली. का शोधली ते पुढं सांगतो. झाडं, गवत, वेली, जनावरं, पाखरं, सगळ्यांना पानं आहेत. बुरशी सापडली एकाच ठिकाणी, कीड आणि रोगांच्या यादीत. 'तुरीवरील मर'. संपलं. अळंबी नाही, वारुळावरच्या छत्र्या नाहीत, लाकूड कुजवणारी बुरशी नाही. अख्ख्या गावात बुरशी म्हणजे फक्त रोग.

या नोंदवहीचा इतिहास थोडक्यात सांगतो. जैवविविधता कायदा आला २००२ साली. प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती नेमायची, लोकांना विचारून गावातल्या सगळ्या जीवांची नोंद करायची. वर्षानुवर्षं कुणी हललं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये खडसावलं, ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख भरावे लागतील. दंडाचं नाव काढल्यावर कागद कसे धावतात ते आपल्याला नवीन नाही. त्या घाईतच आपल्या गावात हिरडा उगवला असणार.

आता तुम्ही म्हणाल, "अहो पत्रकार, इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि तुम्ही बुरशीचं काय घेऊन बसलात?"

थांबा. मी पाण्याचंच बोलतोय.

गेल्या श्रावणात भीमाशंकरला गेलो होतो. दर्शनाची रांग मोठी, म्हणून बाजूच्या पायवाटेनं थोडं जंगलात शिरलो. दहा हातांवरचं दिसत नव्हतं. पाऊस पडत नव्हता, तरी झाडांच्या पानापानांतून पाणी टपकत होतं. ढगच जंगलात उतरलेला. आणि खाली बघतो तर काय! पडलेल्या एका ओंडक्यावर पांढऱ्या पंख्यासारख्या, शिंपल्यासारख्या, केशरी शिंगांसारख्या, टाचणीएवढ्या छत्र्या. एका ओंडक्यावर मी नऊ वेगवेगळ्या मोजल्या. बरोबरचा स्थानिक पोरगा म्हणाला, "साहेब, रात्री यातली काही लाकडं हिरवी चमकतात." त्याची रील तुम्ही पाहिली असेल. ती चमक म्हणजे मायसिना जातीची बुरशी. चमत्कार नाही, भूत नाही, बुरशी.

वर्षभर धुक्यात राहणारी खरी मेघवनं दक्षिण अमेरिकेत, आग्नेय आशियात आहेत. आपल्याकडं सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली इथं पावसाळ्याचे चार महिने तसंच जंगल असतं. तिथं पाऊस इतका, की जमिनीतलं सत्त्व धुऊन जायला वेळ लागत नाही. तरी जंगल हिरवंगार. कारण पडलेलं पान, मोडलेली फांदी, मेलेलं झाड बुरशी कुजवते आणि ते सत्त्व पुन्हा मुळांच्या हाती देते. जगातल्या दहापैकी जवळजवळ नऊ वनस्पतींच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते. झाड साखर देतं, बुरशी मातीतलं स्फुरद आणि पाणी आणून देते. तिचे तंतू मातीचे कण एकमेकांना बांधतात. माती बांधली की पाणी मुरतं. नाहीतर पहिल्याच सरीला माती धरणात.

आणि ते धरण कुणाचं? आपलं!

भीमा तिकडं पंढरपूरला जाते, पण त्याच डोंगररांगेत उत्तरेला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. रतनगडाच्या कुशीतून प्रवरा निघते, हरिश्चंद्रगडावरून मुळा. हे सगळं पाणी नाथसागरात येतं आणि उजव्या कालव्यानं गेवराईत. दरवर्षी ऑक्टोबर आला की आपण नाशिक-नगरशी भांडतो, समन्यायी पाणीवाटप करा, वरची धरणं सोडा. भांडलंच पाहिजे, हक्काचं आहे. पण आपण भांडतो धरणाच्या दारावर. त्या धरणांच्या डोक्यावरचं जंगल उरलं का, याबद्दल मराठवाड्यातल्या किती पुढाऱ्यांनी तोंड उघडलं? मी वीस वर्षं भाषणं कव्हर करतोय. एकही आठवत नाही.

या लोकनोंदवहीची कल्पना देशात रुजवणारे माधव गाडगीळ. पश्चिम घाटाचा २०११ चा अहवालही त्यांच्याच समितीचा. तो 'जाचक' म्हणून बाजूला ठेवला. मग कस्तुरीरंगन समिती. मग २०१४ पासून केंद्राच्या मसुद्यांवर मसुदे. ३१ जुलै २०२४ ला सहावा निघाला. त्यात महाराष्ट्राचं १७ हजार ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील धरलंय. दहा वर्षांत सहा मसुदे! घाटातल्या शेतकऱ्याला भीती आहे की शेती बंद पडेल, घर बांधता येणार नाही. ती भीती झटकून टाकू नये, त्याला समोर बसवून समजावलं पाहिजे. पण मसुद्यातली मुख्य बंदी वाचा. खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, प्रचंड मोठी बांधकामं. या बंदीनं शेतकऱ्याचं पोट दुखणार की आणखी कुणाचं? वाळूचं नाव काढल्यावर गेवराईकरांना जास्त सांगायची गरज नाही.

"जंगल गेलं तर दुसरीकडं झाडं लावू की!" हे आपलं ठरलेलं उत्तर. राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी झाडांचा संकल्प केला, मग चार कोटी, मग तेरा, मग २०१९ ला तेहतीस कोटी. खड्डा तोच, रोप नवं, फोटोतले पुढारी तेच, हा विनोद आता शाळेतली पोरंही करतात. पण समजा, सगळी जगली. तरी ती झाडं झाली, जंगल नाही झालं. भीमाशंकरच्या त्या एका ओंडक्यावरच्या नऊ बुरशा कुठल्या नर्सरीत मिळतात? कुठल्या निविदेत त्यांचा दर आहे?

सरकारला बुरशी दिसतच नाही. राज्यप्राणी शेकरू. राज्यपक्षी हरियाल. राज्यफूल ताम्हण. फुलपाखरू आहे, ब्लू मॉरमॉन. मासासुद्धा ठरला, पापलेट. बुरशी? रकाना कोरा. जगात बुरशीच्या दीड लाखाच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात आणि शास्त्रज्ञांचा अंदाज आहे पंचवीस लाखांचा. म्हणजे दहातल्या नऊ अजून बिननावाच्या. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत देशभरच्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथले लोक एकेक जात जपतात. पण जंगलच तुटलं तर ते आणणार कुठून?

"नोंद करून काय होतं?" त्याचंही उत्तर आहे. इक्वाडोर नावाच्या देशात लॉस सेद्रोस नावाचं मेघवन आहे. तिथं तांबं आणि सोनं काढायला परवानगी दिली होती. २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ती खाण थांबवली. जंगलात काय काय जगतं याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून हे जंगल काय आहे ते सिद्ध करता आलं. बुरशीतज्ज्ञही तिथं वर्षानुवर्षं चिखलात बसून याद्या करत होते. यादी होती म्हणून जंगल राहिलं. आपल्याकडं यादी आहे ती उचललेली. उद्या कुणी कोर्टात गेलं तर काय दाखवणार? गेवराईचा हिरडा?

आणि यादीत नसलेल्या जिवाची किंमत काय असते, तेही ऐका. किडनी बदललेल्या माणसाच्या शरीरानं ती नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन देतात. ते ज्या बुरशीतून निघालं ती नॉर्वेतल्या एका माळरानावरून आणलेल्या मातीत सापडली. मूठभर माती! पेनिसिलिनची गोष्ट तर शाळेतच शिकलोय.

आता घरचंही बोलतो, नाहीतर म्हणाल सगळा दोष सरकारचाच. आपण पाचट जाळतो, पऱ्हाट्या जाळतो. त्यात वरच्या मातीतली कुजवणारी बुरशीही होरपळते, मग कुजवायला कुणी उरत नाही, मग खताची पोती. मी स्वतः एका वर्षी तुरीची मर थांबावी म्हणून ट्रायकोडर्माचं पाकीट आणलं आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच ड्रममध्ये रासायनिक बुरशीनाशक ओतलं. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच! चांगली बुरशी विकत आणून माझ्याच हातानं मारली. पैसे दिले ते वेगळेच. परभणीच्या विद्यापीठातल्या एका जाणकारानं नंतर सांगितलं तेव्हा डोक्याला हात लावला. बुरशी म्हणजे रोग, एवढंच आपल्या डोक्यात. त्या नोंदवहीत होतं तेच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

१. येत्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही मागा. ती तुमची आहे, ग्रामसेवकाची नाही. मोठ्यानं वाचायला लावा. गावात नसलेली झाडं खोडा.

२. पाऊस पडला की बांधावर, वारुळावर, उकिरड्यावर, जुन्या लाकडावर ज्या छत्र्या येतात त्यांचे फोटो काढा. गाव, तारीख, कशावर उगवली ते लिहा. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या पोरांना हे काम द्या, प्रोजेक्टला विषय मिळेल. फक्त ओळख नसलेली कुठलीही अळंबी खाऊ नका. त्यात जीव जातो.

३. मत मागायला येतील त्या प्रत्येकाला विचारा, "सह्याद्रीच्या मसुद्याचं काय झालं? आमचं पाणी तिथून येतं." तो म्हणेल, तुमचा काय संबंध? मग नाथसागराकडं बोट दाखवा.

बुरशी मत देत नाही, मोर्चा काढत नाही, बॅनरवर फोटो लावत नाही. म्हणून तिचा रकाना कोरा. पण ती मुकाट्यानं काम करते म्हणून वरचं जंगल उभं आहे, जंगल उभं आहे म्हणून माती जागेवर आहे, आणि माती जागेवर आहे म्हणून कालव्याला पाणी आहे.

ग्रामसेवक शेवटी आले. मी फाईल पुढं केली, म्हटलं, "साहेब, यात बुरशी नाही." ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "फाईलला लागली असंल की, बघा नीट."

हसू आलं. पण खरं सांगतो, फाईलला खरंच लागली होती. अख्ख्या गावची बुरशीची नोंद तेवढीच.

तुमच्या गावच्या नोंदवहीत काय आहे? बघा आणि खाली लिहा. पटलं तर पुढं पाठवा.