ट्रोपोनिन पॉझिटिव्ह आला, बरं मग पुढे?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घराघरात एक शब्द पोचला, डी-डायमर. 'काकांचा डी-डायमर दीड हजार आलाय' असा मेसेज ग्रुपवर पडला की अख्खं घर हादरायचं. लाट गेली, भीती उरली आणि ती विकायला लोकही उरले. आज धडधाकट माणसाच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्येही ही टेस्ट घुसवलेली दिसते.

गोम अशी आहे की ही टेस्ट मुळात 'नाही' म्हणायला आहे. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकते, त्याला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. शंका थोडीशीच असेल आणि डी-डायमर कमी असेल तर गुठळी नाही असं धरता येतं, सीटी स्कॅनचा खर्च वाचतो. पन्नाशीनंतर तर मर्यादाही वयाच्या दहापट धरतात, म्हणजे सत्तरीच्या माणसाला ५०० ऐवजी ७००. पण आकडा वाढलाय म्हणून गुठळी आहेच, असं अजिबात नाही. ताप, गरोदरपण, ऑपरेशन, कॅन्सर, नुसतं म्हातारपण, कशानेही तो वाढतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. सीटीत गुठळी दिसली. आता हा पेशंट आज रात्री कोसळेल, की गोळ्या घेऊन दोन दिवसांत घरी जाईल?

इथे दोन वेगळ्या टेस्ट कामाला येतात. फुप्फुसाची वाट तुंबली की हृदयाच्या उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. तो कप्पा ताणला की एनटी-प्रोबीएनपी वाढतं, स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं. म्हणजे गुठळी केवढी आहे यापेक्षा हृदय ती कितपत सोसतंय, हे रक्त सांगतं. बीपी पडलेलं असेल तर या आकड्यांची वाट बघायची नसते, तो पेशंट तसाच अतिगंभीर. हे आकडे उपयोगी पडतात ते बीपी ठीक असलेल्यांसाठी, आणि बहुतेक पेशंट तेच असतात.

पण आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. २०१४ मध्ये 'पायथो' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हजारावर पेशंट, सगळ्यांचं बीपी ठीक, पण ट्रोपोनिन वाढलेलं आणि उजवा कप्पा थकलेला. अर्ध्यांना हेपरिनसोबत गुठळी विरघळवणारं जोरदार इंजेक्शन दिलं, अर्ध्यांना नुसतं हेपरिन. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणं इंजेक्शनवाल्यांत २.६ टक्के, बाकीच्यांत ५.६. फायदा दिसला ना? आता दुसरी बाजू बघा. ब्रेन स्ट्रोक इंजेक्शनवाल्यांत २.४ टक्के, बाकीच्यांत ०.२. आणि नुसत्या हेपरिनवरचे त्या सात दिवसांत दगावले किती, तर १.८ टक्के. म्हणून २०१९ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचना अशा पेशंटला सरसकट इंजेक्शन द्या म्हणत नाहीत. नजरेखाली ठेवा, बिघडला तर लगेच द्या, असं म्हणतात.

आपल्याकडे अडचण इथेच आहे. ट्रोपोनिनची किट आता छोट्या गावातही मिळते, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की डोक्यात एकच येतं, हार्ट अटॅक. गुठळीचा पेशंट अँजिओग्राफीच्या वाटेला लागू शकतो, आणि त्यात मोलाचे तास जातात. उलट बाजूने, निगेटिव्ह ट्रोपोनिन, सोनोग्राफीत हृदय नीट आणि बाकी काही धोका नसलेला माणूस आयसीयूत चार दिवस पडून राहिला, तर ते बिल कुणी भरायचं? घरच्यांनी, दुसरं कोण. गहाण काय पडतं ते मी सांगायला नको.

आणि बरं, या हिशेबाचा निम्मा भाग फुकट आहे! वय ८० च्या वर, कॅन्सर, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, नाडी ११० किंवा जास्त, वरचं बीपी १०० च्या खाली, ऑक्सिजन ९० च्या खाली. यातलं एकही नसेल तर धोका कमी. याला लॅब लागत नाही. बीपीचं मशीन आणि कोविडात घेतलेला तो ऑक्सिमीटर पुरतो.

मला रक्ताच्या टेस्टचं वावडं नाही. सरकारी पैसा ट्रोपोनिनवर खर्च व्हावाच असं माझं मत आहे, पण त्यासोबत एक पानाचा कागदही हवा. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाला रात्रीच १०८ मध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं. सकाळी मिळणाऱ्या रिपोर्टवर रात्रीचा निर्णय होत नसतो.

तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीवर कोणी ओळखीचं असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारा. ट्रोपोनिनच्या किट शिल्लक आहेत का? रात्री अकराला रिपोर्ट मिळतो का? आणि पॉझिटिव्ह आला, पण छातीत कळ नाही, नुसता दम लागतोय आणि एक पाय सुजलाय, तर पुढे काय करायचं हे भिंतीवर कुठे लिहून लावलंय का?